वाघाची वहिवाट

छ. संभाजीनगर (गारखेडा परिसर)
१४ नोव्हेंबर २०२४

श्रीमती गीताबाई हिवराळे यांस,
स. न. वि. वि.

विषय : आपल्या अंगणातील दगड.

गेल्या रविवारी लेणी पाहून परतताना आमच्या 'पाऊलखुणा इतिहास मंडळा'ची बस आपल्या वस्तीजवळ पंक्चर झाली आणि आपण आम्हां एकवीस जणांना गुळाचा चहा पाजलात, त्याबद्दल आभार. त्या एकवीसांत मफलर गुंडाळलेला, अंगणात पालथा पडून टेपने दगड मोजणारा इसम तो मी. आपल्या सूनबाई मोनाली यांना मला चक्कर आली असं वाटलं आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. त्यांचा राग नाही.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक. बत्तीस वर्षं लोकांचे बांध मोजले. आता जुने खेळ आणि खेळणी यांचा अभ्यास करतो. आपण दगडावरची मक्याची कणसं बाजूला सारलीत आणि खाली वाघ-बकरीचा पट कोरलेला दिसला! असे पट मी किल्ल्यांच्या पायऱ्यांवर, देवळांच्या ओट्यांवर पाहिले आहेत. पण लेण्यांच्या इतक्या जवळ नाही.

कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. फोनवरचं बोलणं पुराव्यात धरत नाहीत.
१) दगड तिथे कधीपासून आहे?
२) रेघा कोणी व कधी कोरल्या?
३) चतुःसीमा. (पूर्वेस गोठा मी पाहिला आहे.)

तोपर्यंत दगडावर मका वाळवू नये ही विनंती.

आपला,
आप्पासाहेब औताडे

---

खडकवस्ती, फर्दापूरजवळ
२३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आप्पासाहेब,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. पोस्टमन म्हणाला, बाई, कोर्टाचं दिसतंय. मी घाबरूनच फोडलं. फोन दिवसभर सुनेकडं असतो, त्यामुळं पत्रच बरं. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं लिहिली, रिटायर झाल्यापासून हाताला लिहायला कायच नव्हतं.

आता तुमचे सवाल. दगड लई जुना आहे. माझी आजी सारजाबाई सांगायची, ती या घरात नांदायला आली तव्हा बी दगड तिथंच होता. हे माझं माहेरचं घर. मला गावातच दिली. भाऊ कचरू गंगापूरकडं कारखान्यात नोकरीला लागला, मग घर मीच सांभाळलं.

रेघांचं म्हणाल तर मी लहानपणापासून त्या बघतेच आहे. कोणी कोरल्या ते कुठल्या कागदात लिहिलेलं नाय. कोरणारे गरिबाघरचे असावेत, असं आपलं मला वाटतं.

पूर्वेला गोठा, पश्चिमेला चूल, उत्तरेला शेजारणीची भिंत, अन् दक्षिणेला चिखल. हा चिखल रस्ता म्हणून कागदावर आहे.

मका उचलला. पण उडीद कुठं वाळवू ते तेवढं कळवा.

तुमची,
गीताबाई

---

छ. संभाजीनगर
२ डिसेंबर २०२४

गीताबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

उडीद गच्चीवर वाळवावा.

आपलं पत्र मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलं. 'कोरणारे गरिबाघरचे असावेत' हे आपलं निरीक्षण फार मार्मिक आहे. माझाही अंदाज तोच. सातवाहन काळात घाट चढण्याआधी व्यापाऱ्यांचे तांडे इथं थांबत असणार. मालक झोपत असतील आणि त्यांचे बैल हाकणारे गडी वेळ घालवायला हा खेळ खेळत असतील. म्हणजे पट सुमारे दोन हजार वर्षांचा!

आणि आता खरी गोष्ट. फोटो मोठा करून मी एकेक रेघ मोजली. आजवर चौदा ठिकाणचे पट मोजले, सगळीकडे आकडा जुळतो. आपल्या पटावर मात्र उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडणारी एक तिरपी रेघ जास्त आहे. अशी रेघ कुठेही नाही! ती बरोबर वायव्येला जाते. वायव्येला काय आहे? भडोच बंदर! तो व्यापारी मार्गच कोरलेला आहे, असं माझं मत झालं आहे. या प्रकाराला मी 'फर्दापूर शैली' असं नाव दिलं आहे.

मंडळाचे अध्यक्ष प्रा. साहेबराव म्हणाले, "औताडे, कुणीतरी पोरासोरांनी ओरखडलं असेल." माणसाला मत्सर किती असावा!

१९ जानेवारीच्या परिषदेत मी शोधनिबंध वाचणार आहे. त्यानंतर जाणकार मंडळी दगड पाहायला येतील. म्हणून आपल्या पंचायतीला मी पत्र घातलं आहे, की एवढ्या महत्त्वाच्या ठिकाणी जायला गुडघाभर चिखल तुडवावा लागणं शोभत नाही. सोबत दगडाचा नकाशा जोडला.

आपला,
आप्पासाहेब

ता. क. खेळाचे नियम आपल्याकडे कसे आहेत तेही कळवावं.

---

खडकवस्ती
१६ डिसेंबर २०२४

आदरणीय आप्पासाहेब,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पत्रानं गावात गोंधळ उडाला. अकरा वर्षं मी रस्त्यासाठी अर्ज देतेय. प्रत्येक वेळी म्हणायचे, बघू. तुमचं पत्र आलं अन् चौथ्या दिवशी माणसं टेप घेऊन दारात. अंदाजपत्रकात लिहिलंय म्हणे, 'प्राचीन वारशाकडे जाणारा रस्ता'. काल खडी पडली. शेजारीण रोज दगडावर हळद-कुंकू वाहू लागली होती, तिला सांगितलं, बाई, हा देव नाय, हा खेळ आहे.

नियम असे. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ गारगोट्यांचे, बकऱ्या चिंचोक्यांच्या. वाघानं उडी मारली की बकरी गेली. बकऱ्यांना उडी नाय. त्यांनी एकमेकींना चिकटून वाघाला कोंडायचं. वाघाला हलता येईना की बकऱ्या जिंकल्या. अंगणवाडीत मी पोरांना हाच शिकवायचे. ज्वारीच्या धाटाचे बैल, मातीची चूल, चिंचोके, एवढ्यावर माझी अंगणवाडी चालायची.

विहारात भंतेजी म्हणाले, भिक्खूंनी कोणते खेळ खेळू नयेत त्याची यादीच जुन्या ग्रंथात आहे. म्हणजे लोक तव्हा बी खेळत असणार, नायतर यादी कशाला? खेळ जुना आहे यात काय शंका नाय. खेळ म्हणतेय मी.

एक सहज विचारते. समजा, समजाच बरं का, दगडावरच्या रेघा तुम्ही म्हणता तेवढ्या जुन्या नसल्या, तर झालेला रस्ता सरकार उखडून नेतं का? तुम्ही सरकारी खात्यात होता म्हणून विचारलं.

अन् निबंधाची एवढी घाई करू नका. तब्येत सांभाळा.

तुमची,
गीताबाई

---

छ. संभाजीनगर
३ जानेवारी २०२५

गीताबाई यांस,
सप्रेम नमस्कार.

झालेला रस्ता उखडल्याचं माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही उदाहरण नाही. न झालेला रस्ता झाला असं दाखवल्याची आहेत. निश्चिंत असावं.

भंतेजींची माहिती अनमोल! निबंध आता बावीस पानांचा झाला आहे. प्रा. साहेबराव मात्र भर बैठकीत म्हणाले, "पुरावा काय? बाईचं पत्र?" म्हणून सोबत प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्प पेपर जोडला आहे. मजकूर टाइप केलेला आहे : 'सदर पट माझ्या पूर्वजांच्या काळापासून, मानवी स्मृतीपलीकडून, अस्तित्वात आहे.' खाली सही करून उलट टपाली पाठवावं.

गीताबाई, आपल्याला म्हणून सांगतो. मी मोजणीला गेलो की बांधावरून भांडणारे दोन्ही भाऊ मलाच शिव्या घालायचे. मंडळात येऊन नऊ वर्षं झाली, तिथं मी चहा-बिस्किटांचं बघतो. व्यासपीठावर जायची ही पहिलीच वेळ आहे. नवीन जोधपुरी कोट शिवला. आमच्या सौ. लक्ष्मीबाई म्हणतात, "लग्नात एवढे नटला नव्हता." खरंच नव्हतो नटलो.

आपला,
आप्पासाहेब

---

खडकवस्ती
१३ जानेवारी २०२५

आप्पासाहेब,
सप्रेम जयभीम.

स्टॅम्प पेपर पोचला. सही केली नाय. तसाच परत पाठवतेय.

काल रस्त्याचं सिमेंट वाळलं. सकाळी मी चप्पल काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. आता खरं लिहिते.

तो पट मी अन् कचरूनं कोरला. बहात्तरच्या दुष्काळात. मी दहा वर्षांची, कचरू बारा. आमच्या घरी अठरा बकऱ्या होत्या, आम्ही दोघं राखायचो. चारा संपला तशा बापानं एकेक करून विकल्या. शेवटची गेली त्या दिवशी कचरू जेवला नाय. दुसऱ्या दिवशी बी नाय. मग आजी सारजाबाईनं चुलीतला कोळसा घेतला अन् भुईवर हा पट काढून दाखवला. तिला तिच्या आजीनं शिकवला होता. पण कोळसा पायानं पुसला जायचा. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा. बाजाराच्या दिवशी काम बंद, छिन्नी-हातोडी घरी. चार बाजार लागले आम्हाला कोरायला. खऱ्या बकऱ्या गेल्या, मग आम्ही चिंचोक्यांच्या राखल्या.

अन् ती जास्तीची रेघ. ती भडोचला जात नाय, आप्पासाहेब. एका दुपारी मी कचरूचे तिन्ही वाघ कोंडत आणले. एकाच घराचा सवाल होता. तो म्हणाला, "गीते, लई ऊन आहे, जा पाणी पिऊन ये." मी पाणी पिऊन आले तर वाघाला पळायला नवी वाट! हातात छिन्नी, अन् तोंडानं म्हणतो, "ही पहिल्यापासून होती." त्या दिवसापासून मी त्याच्यासंगं वाघ-बकरी खेळले नाय. त्याच्या लग्नात नाचले, त्याच्या बायकोची बाळंतपणं केली, पण खेळले नाय.

मी तुम्हाला एक अक्षर खोटं लिहिलं नाय, पत्रं काढून बघा. पण खरं दाबून ठेवलं, अन् ते बी खोट्याच्याच घरचं. आमच्या मोनालीला बाळंतपणाला नेताना या चिखलातून बाजेवर घालून चौघांनी उचललं होतं. ते डोळ्यापुढं होतं म्हणून गप्प बसले. तुम्ही चांगला कोट घालून उभे राहणार अन् लोक हसणार, हे मनात आलं की घास उतरत नाय. अंगणवाडीच्या रजिस्टरात मी कधी खोटी हजेरी लावली नाय, तर स्टॅम्पवर कशी लावू?

काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

गीताबाई

---

छ. संभाजीनगर
२७ जानेवारी २०२५

गीताताई,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण असं, की मी आपल्याला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात 'फसवणूक' हा शब्द चार वेळा होता. लक्ष्मीबाईंनी आधी त्यातलं शुद्धलेखन सुधारलं आणि मग ते त्यांनीच फाडलं.

आपलं पत्र १७ तारखेला दुपारी आलं. मी वाचलं आणि कोट कपाटात ठेवून दिला. ताप आल्याचं कळवून परिषदेला जायचंच नाही असं ठरवलं होतं. लक्ष्मीबाईंनी पत्र मागून घेतलं. बकऱ्यांपाशी त्यांनी डोळे पुसले. छिन्नीपाशी आल्या आणि इतक्या हसल्या, की शेजारचे विचारायला आले. मग म्हणाल्या, "तुमची बावीस पानं ऐकताना मला जांभया आवरत नव्हत्या. परवा हे वाचा."

"लोक हसतील," मी म्हणालो.

"हसू द्या की. नाहीतरी खेळावरच बोलायचंय ना?"

१९ तारखेला मी कोट घालून उभा राहिलो. निबंधाचं पहिलं वाक्य सुरू केलं. 'सातवाहन' शब्दाशी आलो आणि कागद खाली ठेवले. पाण्याचा पेला संपवला. खिशातून आपलं पत्र काढलं आणि 'काल रस्त्याचं सिमेंट वाळलं' इथून वाचायला लागलो.

'ही पहिल्यापासून होती' म्हटल्यावर जो हशा उसळला, तो मिनिटभर थांबेना. गीताताई, माझे कान तापले. खोटं कशाला सांगू, त्या मिनिटात मला आपला फार राग आला. प्रा. साहेबराव उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी म्हणालोच होतो!" मी मान खाली घातली. तर ते पुढे म्हणतात, "पण तीन वाघ हे साफ चूक आहे. वाघ चार असतात."

मागून पैठणच्या एक बाई ओरडल्या, "चार कुठून आणले? दोन!" नांदेडचे एक गृहस्थ सांगू लागले, की विटी-दांडूचं वकट, लेंड, मूंड, नाल हे तेलुगू आकडे आहेत, तसा हा खेळही तिकडूनच आला. कुणी म्हणालं, बकऱ्या सोळा. कुणी म्हणालं, आमच्याकडे बकऱ्याच नसतात, कुत्रे असतात. अर्धं सभागृह खुर्च्या सोडून पुढे आलं. शेवटी कुणीतरी खडू आणला, व्यासपीठावरच पट काढला आणि साहेबराव धोतर सावरून खाली बसले, चार वाघ घेऊन. समोर बकऱ्या घेऊन कोण बसावं? आमच्या लक्ष्मीबाई! बावीस मिनिटांत त्यांनी चारही वाघ कोंडले. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना हा खेळ येतो हे मला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही दगडांना विचारत हिंडत होता. मला कुठं विचारलंत?"

बावीस पानांतली एकोणीस बाद केली. उरलेल्या तिनांत सारजाबाईंचं नाव घातलं आहे. यापुढे मी आधी माणसांना विचारणार आहे.

आता एक कायदेशीर बाब. जास्तीच्या रेघेबद्दल आपण कचरूभाऊंवर आरोप केला आहे. एकतर्फी निकाल देणं आमच्या खात्यात बसत नाही. त्यांचा पत्ता कळवावा. मी स्वतः गंगापूरला जाऊन त्यांची बाजू ऐकून घेईन.

आपला,
आप्पासाहेब

---

खडकवस्ती
२० फेब्रुवारी २०२५

आप्पासाहेब अन् लक्ष्मीताईंना,
सप्रेम जयभीम.

रविवारी तुम्ही अंधार व्हायच्या आत निघालात ते बरं केलं, पण त्यामुळं पुढचं तुम्हाला कळलंच नाय. म्हणून लिहिते.

आधी तुमच्यासमोरचं. गंगापूरहून आलेल्या तुमच्या गाडीतून कचरू उतरला तव्हा मी त्याला ओळखलंच नाय, इतका वाळलाय. वहिनी गेल्यापासून त्यानं गाव सोडलेलं नाय, हे मला तरी कुठं ठाऊक? फोनवर नुसतं 'बरं आहे' म्हणायचा. आल्या आल्या, मी पाया पडायच्या आधीच, दगडाकडं बघून म्हणाला, "अजून आहे व्हय हा?" तुम्ही लगेच पालथे पडून भिंगातून रेघ बघायला लागलात. या खेपेला मोनालीनं पाणी मारलं नाय, चटई दिली.

तुम्ही उठून गंभीर तोंडानं सांगितलं, "बाकीच्या रेघा खोल आहेत. ही उथळ आहे, घाईत मारलेली आहे. हे अतिक्रमण आहे."

कचरू म्हणाला, "असेल. पण बावन्न वर्षं झाली की, साहेब. आता ती वहिवाट झाली."

तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. बत्तीस वर्षं मोजणी केलेल्या माणसाला माझ्या भावानं गप्प केलं, हे मी जन्मभर विसरणार नाय. मग मी म्हणाले, राहू दे वहिवाट, त्या रेघेसकट खेळू. अन् अर्धा डाव झाला, तर तुम्हाला घाटातला अंधार आठवला.

तर पुढचं. सात बकऱ्या खाल्ल्या त्यानं. मला वाटलं, गेला डाव. पण एका बाजूनं मी कोंडत आणलं. त्याचा वाघ निघाला वहिवाटीनं. तिच्या तोंडावर मी आधीच बकरी उभी केली होती, तिच्या मागं दुसरी. उडी मारायला जागा नाय. तिन्ही वाघ बसले. त्यानं एक गारगोटी उचलली अन् परत तिथंच ठेवली. मला वाटलं, आता पाणी प्यायला पाठवतोय की काय.

तर म्हणाला, "गीते, ती रेघ मीच मारली होती."

"ते मला ठाऊक आहे."

"त्या वर्षी सगळंच हातचं चाललं होतं. वाटलं, एक डाव तरी जिंकावा."

मी म्हणाले, "मग सांगायचं होतं की. मी मुद्दाम हरले असते."

"म्हणून तर नाय सांगितलं," म्हणाला.

मग मोनालीनं भाकरी वाढल्या, त्या खाल्ल्या. तीन खाल्ल्या त्यानं, मी मोजल्या.

पंचायतीची माणसं येऊन गेली. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. एक म्हातारे सदस्य म्हणाले, "बावन्न वर्षं म्हणजे काय कमी प्राचीन आहे?" अन् अंदाजपत्रक होतं तसं राहिलं. रस्त्यावरून आता संध्याकाळी पोरं चाकं पळवतात. त्यांना बी पट दाखवलाय. पहिल्याच दिवशी दोघी पोरींची भांडणं लागली, म्हणजे खेळ नीट शिकल्या.

कचरू सोमवारच्या एसटीनं जाणार होता. आज गुरुवार आहे. रोज सकाळी म्हणतो, आज जातो, अन् रोज एक डाव मांडतो. काल जिंकला तर वस्तीभर सांगत हिंडला. आज सकाळी मी त्याला हरवला, तव्हापासून म्हणतोय, चिंचोके मोजून दे, एक जास्त आहे. एकदा मोजून दाखवले. पंधराच होते. पुन्हा मोज म्हणतोय. गंगापूरला फोन करून पोराला सांगितलंय त्यानं, शिमग्यापर्यंत येत नाय म्हणून.

लिहायचं लई आहे, पण तो दगड झाडून बसलाय अन् हाका मारतोय. लक्ष्मीताई, तो एकदा तुम्हाला इथं बोलावतोय. त्याला वाटतं, तुम्हाला तो हरवेल.

तुमची बहीण,
गीता